वरच्या ओळीतलं शेवटचं पोर्ट

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता तुळजारामरावांनी एन्टरचं बटण दाबलं आणि त्याच मिनिटाला प्राचार्यांची ई-मेल बंद पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला तुळजारामरावांना अर्धा तास लागला. संबंध आपण समजतो तेवढा नाही, हे कळायला मात्र गुरुवार उजाडावा लागला.

साल होतं दोन हजार एक. तंजावूरहून वल्लमकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खाजगी इंजिनियरिंग कॉलेज होतं आणि तुळजारामराव तिथे नेटवर्क इन-चार्ज होते. वय चौपन्न. त्यातली सोळा वर्षं त्यांनी याच कॉलेजात टेलिफोन एक्स्चेंजवर काढली होती. कुणाच्या टेबलावर कितवा नंबर हे त्यांना तोंडपाठ असे आणि शिंक ऐकून फोनवर कोण आहे ते ते ओळखत. मग जानेवारीत आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. आता यांचं काय करायचं, असा प्रश्न पडला, तेव्हा व्यवस्थापनाने विचार केला, की ज्याने इतकी वर्षं फोनच्या तारा सांभाळल्या त्याला कॉम्प्युटरच्या तारा सांभाळायला काय हरकत आहे? मात्र अट घातली होती. सहा महिने काम बघायचं. जमलं तर ठीक, नाही तर चेन्नैहून इंजिनियर आणायचा आणि तुळजारामरावांना आवक-जावक टपालाच्या टेबलावर बसवायचं. ते सहा महिने येत्या शुक्रवारी संपत होते.

तुळजारामराव कष्टाला मागे हटणारे नव्हते. संध्याकाळच्या क्लासला जाऊन, नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून ते शिकले होते. सगळं एका जाड वहीत लिहून घेतलं होतं, तेही तमिळ लिपीत. घरात तीनशे वर्षं मराठी बोलली जात असली तरी देवनागरी वाचायची वेळ त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

त्या आठवड्यात नवा स्विच बसला होता. चोवीस पोर्टांचा, बारा वर आणि बारा खाली. याची खुबी अशी, की त्याच्या प्रत्येक पोर्टाला दोन प्रकारे वागवता येत असे. स्विचिंगवर ठेवलं, तर तिथे जोडलेला कॉम्प्युटर बाकी सगळ्यांबरोबर एकाच घरात नांदल्यासारखा राहायचा. राउटिंगवर टाकलं, तर ते पोर्ट गावच्या वेशीसारखं व्हायचं. पलीकडे दुसरं गाव, आणि त्या पोर्टाला स्वतःचा वेगळा पत्ता. लायब्ररी नव्या इमारतीत गेली होती आणि तिचं गाव वेगळं करायचं ठरलं होतं. स्विच विकणाऱ्या चेन्नैच्या कंपनीतली नित्या नावाची इंजिनियर मुलगी फोनवरून सूचना देत असे. तिने सोमवारी सांगितलं होतं, "राव सार, लायब्ररीची केबल ज्या पोर्टात आहे तेवढंच पोर्ट राउटिंगवर टाका. बाकीचं शुक्रवारी मी येऊन करते."

लायब्ररीची केबल वरच्या ओळीत अगदी शेवटी होती. तुळजारामरावांनी बोट ठेवत डावीकडून मोजलं. बारा. खात्रीसाठी उजवीकडूनही मोजलं. एक. मग पुन्हा डावीकडून मोजलं आणि बारा नंबरला राउटिंगवर टाकलं. लगेच लायब्ररीत फोन लावून विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, "सगळं चालतंय, पहिल्यासारखं." ही आनंदाची बातमी त्यांनी नित्याला कळवली.

"चालतंय?" नित्या म्हणाली. "मग चुकलं, सार. मी येऊन तिथले पत्ते बदलेपर्यंत लायब्ररी बंद पडायला हवी होती. कुठलं पोर्ट घेतलंत?"

"बारा. वरच्या ओळीतलं शेवटचं."

"सार, वरच्या ओळीत विषम आकडे असतात, खालच्या ओळीत सम. वरचं शेवटचं म्हणजे तेवीस. बारा नंबर खाली आहे, सहावं. तिथे कोण आहे बघा."

तुळजारामरावांनी खालच्या ओळीतलं सहावं पोर्ट पाहिलं. केबलला चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: प्राचार्य. आणि बाकी सगळीकडे हिरवे दिवे लुकलुकत असताना तेवढा एक दिवा विझलेला होता.

प्राचार्य डॉ. सुब्रमण्यम हे स्वभावाने अजिबात वाईट नव्हते. पण वर्षभरापूर्वी त्यांना ई-मेल मिळाली होती. तेव्हापासून ते खोलीबाहेर पडायचे थांबले होते. दिवसाला वीस-पंचवीस मेल जात. प्लायवूडच्या भिंतीपलीकडे बसणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीला, मंगलाला, "कापी पाठवा", म्हणजे कॉफी, हेसुद्धा मेलनेच येत असे. हाक मारली असती तर आधी ऐकू गेली असती, पण मेलची नोंद राहते असं त्यांचं म्हणणं होतं.

नित्याने सांगितल्याप्रमाणे तुळजारामरावांनी घाईघाईने बारा नंबर पुन्हा स्विचिंगवर आणला आणि तेवीस राउटिंगवर टाकला. लायब्ररी रीतसर बंद पडली. पण बाराचा दिवा काही लागेना.

"पलीकडचा कॉम्प्युटर बंद असेल," नित्या म्हणाली.

"प्राचार्यांचा? ऑफिसच्या वेळात? ते शक्य नाही."

"मग केबल शेजारच्या पोर्टात लावून बघा."

चौदात लावली. दिवा लागला नाही. सोळात लावली. नाही. केबल परत बारात घालून तुळजारामराव घाम पुसत खुर्चीत बसले. कॉलेजात दोनच खोल्या थंड होत्या, एक प्राचार्यांची आणि एक ही, तरी त्यांना घाम फुटला होता. पोर्ट चांगली आहेत, तेव्हा बिघडलं ते पलीकडचं. आपण भलता हुकूम पाठवला आणि प्राचार्यांचा कॉम्प्युटर जळाला. "जाऊन सांगतो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हुकमाने कॉम्प्युटर जळत नसतो, हे नित्याचं वाक्य ऐकायला ते फोनवर नव्हते.

मंगला प्राचार्यांच्या दाराशी टाइपरायटरवरची धूळ पुसत बसली होती. तीही तुळजारामरावांसारखी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतलीच, त्यामुळे त्यांचं आपसात मराठीत चाले.

"आंत आहेत कां?" तुळजारामरावांनी विचारलं.

"आहेत, अण्णा. पण आज कसेंतरीच आहेत. सकाळपासून एक मेल नाहीं. पत्र हातानें लिहून दिलेत, तें टाइप करालीय. आणि आंत कुणाला सोडूं नको म्हणून सांगितलेत."

"चिडलेत?"

"चिडले असते तर बोलले असते. गप्प आहेत."

तेवढ्यात दार उघडलं. तुळजारामरावांना पाहताच प्राचार्य दचकले, पटकन बाहेर आले आणि पाठीमागे दार ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभे राहिले.

"राव, तुम्ही? काय काम आहे?" ते तमिळमध्ये म्हणाले.

"सार, तुमच्या कॉम्प्युटरचं जरा..."

"त्याला काय झालंय? काही झालेलं नाही. उत्तम चाललाय." प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, जरा फिरून येऊ."

सोळा वर्षांत प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. काढून टाकायच्या माणसाशी लोक असेच गोड वागतात, हे तुळजारामरावांनी एक्स्चेंजवर पुष्कळ ऐकलं होतं. ते मुकाट्याने चालू लागले.

दोघे वर्कशॉपपाशी पोचले तेव्हा तिथले प्रमुख सांबशिव लेथ मशीनवर वर्तमानपत्र पसरून शब्दकोडं सोडवत होते. वर्षभरात न दिसलेले प्राचार्य समोर उभे, शेजारी नेटवर्कवाले, आणि दोघांचे चेहरे स्मशानातून आल्यासारखे. सांबशिवांनी वर्तमानपत्राची घडी घालून ती शर्टात कोंबली. प्राचार्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वर्कशॉपबाहेरच्या गळक्या नळाकडे पाहत होते.

"या नळाबद्दल मी प्लंबरला सात मेल पाठवल्या," ते म्हणाले. "एकीचंही उत्तर नाही."

प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "मला, सार? मला कॉम्प्युटर कुठे आहे?" मग त्याने खिशातून वॉशर काढला आणि पाच मिनिटांत नळ बंद केला. प्राचार्य त्या न गळणाऱ्या नळाकडे बराच वेळ बघत राहिले. परतताना पहिल्या वर्षाच्या एका मुलीने त्यांनाच थांबवून विचारलं, "अंकल, परीक्षा विभाग कुठे आहे?" प्राचार्यांनी तिला दारापर्यंत नेऊन सोडलं आणि कुणी कामात मदत केली की म्हणतात तसं तिने "थँक्स, अंकल" म्हटल्यावर ते चक्क लाजले.

तुळजारामरावांना यातलं काही दिसत नव्हतं. ते योग्य वाक्य शोधत होते. तीनदा त्यांनी "सार, तो कॉम्प्युटर..." अशी सुरुवात केली आणि तिन्ही वेळा प्राचार्यांनी घाईने त्यांना एखादं झाड दाखवलं.

संध्याकाळी घरी त्यांच्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी, पानात दुसरा डोसा वाढला तेव्हा पहिला तसाच होता.

"काय झालें? बरें नाहीं कां?"

तुळजारामरावांनी सगळं सांगितलं. बारा, तेवीस, विझलेला दिवा, खांद्यावरचा हात. सरस्वतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही मोजलांत तें चुकीचें नव्हें," त्या म्हणाल्या. "बारा तर बाराच होते. आकडे घालणाऱ्यानें चुकी केलीय."

"तें कोण ऐकेल?"

"ऐको न ऐको, तुम्ही जाऊन सांगून टाका. टपालाच्या टेबलावर बसलांत तर काय होईल? जेवण तरी जाईल पोटांत. आतां दोन्ही डोसे थंड झाले."

बुधवारी ते सांगायला गेले, पण त्यांना सांगायला मिळालं नाही. आदल्या दिवशी प्राचार्य आणि नेटवर्कवाले कॉलेजभर फिरले, त्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला होता. सांबशिवांच्या मते दिल्लीहून तपासणीसाठी कमिटी येणार होती. गणित विभागाला ती येतच असल्याची पक्की खबर होती. वर्कशॉपमध्ये लेथ मशीनं तेल लावून पुसली जात होती, कॅन्टीनवाल्या चंद्रमती अम्मांनी वड्यांचं तेल बदललं होतं आणि दोन वर्षं सव्वाचारला थांबलेलं कॉरिडॉरमधलं घड्याळ चालू झालं होतं. जो भेटेल तो तुळजारामरावांना बाजूला घेऊन विचारी, "राव सार, कधी येणार?"

"मला खरंच माहीत नाही," ते म्हणत. त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून लोकांची खात्री पटे की उद्याच.

मंगलाने आणखी एक बातमी दिली. "अण्णा, मी सही घ्यायला आंत गेलेंलीं. कॉम्प्युटरवर पांढरा टॉवेल घालून ठेवलेत. पुरा झांकून."

तुळजारामरावांनी डोळे मिटले. पांढऱ्या टॉवेलाखाली काय ठेवतात हे त्यांना माहीत होतं. दुपारभर ते आपल्या थंड खोलीत बसून राहिले. एकदा उठून त्यांनी बारा नंबरच्या केबलवरची चिठ्ठी जराशी सुटली होती ती बोटाने दाबून चिकटवली.

गुरुवारी सकाळी ते पत्र लिहूनच आले. चार ओळींचं. चूक माझी आहे, कॉम्प्युटर माझ्यामुळे जळाला, मी इन-चार्जपद सोडतो आणि टपालाचं टेबल स्वीकारायला तयार आहे. घराबाहेर पडताना सरस्वतीबाईंनी ते वाचून घेतलं होतं आणि 'जळाला' हा शब्द त्यांच्या मते जरा जास्त होता. पण तुळजारामरावांनी तो राहू दिला.

"सार गच्चीवर गेलेत," मंगला म्हणाली. "काल पण गेलेले. कशाला म्हणून मला कळालें नाहीं."

ऑफिसच्या गच्चीवर ऊन चांगलंच तापलं होतं. एका बाजूला चंद्रमती अम्मांनी जुन्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, ताकातल्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. मिरच्यांच्या शेजारी दुसरी वेष्टी होती आणि तिच्यावर एक कीबोर्ड पालथा पडला होता. त्याच्या पलीकडे कॉम्प्युटरचा डबा, झाकण काढून, उन्हाकडे तोंड करून ठेवलेला. आणि या सगळ्याच्या मधोमध प्राचार्य डॉ. सुब्रमण्यम डोक्याला हातरुमाल बांधून उकिडवे बसले होते. हातात फूटपट्टी होती. तिने ते कावळे हाकत होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती.

"सार, मला तुम्हाला काही सांगायचं आहे," तुळजारामराव म्हणाले.

"आधी मी सांगतो, राव. मला दोन दिवस झोप नाही." प्राचार्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. "कापी सांडली. माझ्या हातून. अख्खा टंबलर. निम्मी कीबोर्डवर, निम्मी डब्यावर. कॉम्प्युटरजवळ खायला-प्यायला आणेल त्याला मेमो, हे परिपत्रक मीच काढलंय. आता तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलावणार?"

"कधी सांडली, सार?"

"मंगळवारी. दहाला. पुसून घेतली, मशीन चालू होतं. म्हटलं, वाचलो. आणि पंधरा मिनिटांनी मेल बंद पडली. मग मी सगळं बंद करून प्लग काढला."

"सव्वादहाला."

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

तुळजारामराव खाली बसले. चांगली पॅन्ट होती, तरी बसले. "सार, ती मेल कापीने गेली नाही. माझ्यामुळे गेली. मी लायब्ररीचं पोर्ट समजून तुमचं राउटिंगवर टाकलं. अर्ध्या तासात परत आणलं, पण तोवर तुमचा दिवा गेलेला. मला वाटलं, मी तुमचा कॉम्प्युटर जाळला."

प्राचार्यांनी हे सगळं डोक्यात नीट लावून घेतलं. एक कावळा मिरची घेऊन उडाला, तरी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे मी प्लग काढला नसता तर मंगळवारीच सगळं सुरू झालं असतं?"

"पावणेअकराला, सार."

"आणि तुम्ही माझ्या खोलीत आला असता तरी सुरू झालं असतं."

"तुम्ही येऊ दिलं नाहीत, सार. झाडं दाखवलीत."

प्राचार्य आधी खोकले, मग तो खोकला नाही हे तुळजारामरावांच्या लक्षात आलं. प्राचार्य हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुळजारामरावांना हसावं की नाही ते ठरवता येईना, म्हणून त्यांनी खिशातलं पत्र पुढे केलं. प्राचार्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पत्राची घडी घालून कीबोर्डखाली ठेवली. वारा सुटला होता, ते उडून जायला नको होतं.

"ते परिपत्रक, राव..." ते जरा वेळाने म्हणाले.

"कुठलं परिपत्रक, सार?" तुळजारामराव म्हणाले.

दोघांनी मिळून डबा आणि कीबोर्ड मागच्या जिन्याने खाली आणला. मंगलाने वर न पाहता टाइप करणं चालू ठेवलं. प्लग लावला, बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला. तुळजारामराव धावत आपल्या खोलीत गेले. खालच्या ओळीत सहावा दिवा हिरवा झाला होता. त्यांनी तो पाच मिनिटं उभं राहून पाहिला.

शुक्रवारी नित्या आली. चष्मा लावलेली, तेवीस-चोवीस वर्षांची, पाठीवर मोठी बॅग. तिने लायब्ररीतले पत्ते बदलले, तेवीस नंबर तपासला, लायब्ररी आपल्या वेगळ्या गावातून बोलू लागली. व्यवस्थापनाला द्यायच्या अहवालात तिने लिहिलं: काम समाधानकारक, चूक झाल्यास तत्काळ कळवतात. मग ती तुळजारामरावांना म्हणाली, "सार, हा ओळींचा घोटाळा मीही पहिल्यांदा केला होता. एका दवाखान्यात. तुमचे तर फक्त प्राचार्यच गेले."

सहा महिन्यांची अट संपली. सरस्वतीबाईंनी शेजारीपाजारी काही सांगितलं नाही, पण त्या रात्री गोडाचं केलं. दिल्लीची कमिटी काही आली नाही. ती येऊन गेली आणि कुणाला कळलंही नाही, असं सांबशिव पुढे बरेच दिवस सांगत होते.

मेल गुरुवारपासूनच पुन्हा सुरू झाल्या होत्या. साठलेलं सगळं प्राचार्यांनी दोन दिवसांत काढलं. सांबशिवांना नऊ गेल्या, गणित विभागाला सहा, मंगलाला कापीच्या चार. कॉरिडॉरमध्ये पुन्हा शुकशुकाट झाला. परीक्षा विभाग शोधणारी ती मुलगी एकदा ऑफिसात येऊन विचारून गेली, की इथे ते उंच अंकल असतात ते आज दिसत नाहीत का? मंगलाने तिला, उद्या ये, म्हणून सांगितलं.

बुधवारी साडेदहाला तुळजारामरावांच्या टेबलावरचा फोन वाजला. प्राचार्य स्वतः बोलत होते.

"राव, मेल बंद पडली पुन्हा. या जरा."

तुळजारामरावांनी आधी बारा नंबरचा दिवा पाहिला. तो विझलेला होता. त्या दिवशी त्यांनी स्विचला हातही लावला नव्हता. वही काखोटीला मारून ते गेले. या वेळी दार सताड उघडं होतं. प्राचार्य खिडकीपाशी, बाहेर बघत उभे होते. टेबलावर कुठेही कापी नव्हती. कॉम्प्युटर चालू होता. तुळजारामरावांनी वाकून मागे पाहिलं. नेटवर्कची केबल तिथे नव्हती. ती टेबलाच्या अर्धवट उघड्या खणात होती, गोल गुंडाळून, वर रबर लावून, नीटनेटकी ठेवलेली.

ते हळूच उभे राहिले. प्राचार्यांनी मान वळवली नाही.

"फार मोठा बिघाड आहे का?" त्यांनी खिडकीलाच विचारलं.

तुळजारामरावांनी खणाकडे पाहिलं, मग प्राचार्यांच्या पाठीकडे. एक्स्चेंजवरच्या सोळा वर्षांत ते एक गोष्ट चांगली शिकले होते. माणूस काय बोलतो ते वेगळं आणि त्याला कुठे जोडून हवंय ते वेगळं.

"मोठाच आहे, सार," ते म्हणाले. "आठवडा तरी लागेल. त्याहून जास्तही लागेल कदाचित."

"घाई करू नका," प्राचार्य म्हणाले. त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली, चपला पायात घातल्या आणि दारात क्षणभर थांबले. "मी जरा लायब्ररीकडे जाऊन येतो. नवी इमारत मी अजून पाहिलेली नाही."

ते गेल्यावर तुळजारामरावांनी गुडघ्याने हळूच ढकलून खण बंद केला.